चाबी काढल्यावर पंचेचाळीस सेकंद

आमचं घर नागपुरात, बेसा रोडपासून आत, लेआउटमध्ये. रस्त्यावरचा खांब दोन प्लॉट सोडून आहे आणि त्याचा जो काही उजेड आमच्याकडे यायचा, तो मधलं कडुनिंबाचं झाड खाऊन टाकतं. गाडी कंपाउंडच्या आत, नाक भिंतीकडे करून उभी असते. चाबी काढली की हेडलाइट विझतात आणि मग गाडीच्या दारापासून व्हरांड्याच्या पायरीपर्यंत मिट्ट काळोख. मला ती अकरा पावलं पाठ आहेत. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझा दंड. माझ्या उरलेल्या एका हाताने पर्स, पिशवी, कुलूप आणि मोबाइलचा टॉर्च हे सगळं जमत नाही. जानेवारीच्या शेवटी एका लग्नाहून परतताना ती उखडलेल्या गट्टूला, म्हणजे वाटेवरच्या सिमेंटच्या ठोकळ्याला, अडखळली. पडली नाही, पण माझ्या दंडावर तिच्या बोटांचे वळ तीन दिवस होते.

मी एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. बी.कॉम. आहे. सर्किट म्हणजे काय, हे शाळेत बॅटरी-बल्बच्या प्रयोगापलीकडे मला माहीत नव्हतं. हे आधीच सांगते, कारण शोधाशोध केली तेव्हा सापडलेलं सगळं आधीच सगळं येणाऱ्यांनी लिहिलेलं होतं.

आमची गाडी २०११ची, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने समोर दोन फॉग लॅम्प लावून घेतले होते, ५५ वॅटचे. चाबी फिरवलेली असताना डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की लागतात. मला हवं होतं इतकंच: चाबी काढल्यावरही हे दोन दिवे थोडा वेळ चालू राहावेत आणि मग आपोआप विझावेत. उजेड पांढऱ्या भिंतीवर पडून मागे फिरतो आणि अख्खी वाट दिसते. किती वेळ? मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोजलं. दार उघडण्यापासून आईने पायरीवर पाय ठेवेपर्यंत ३८ सेकंद. म्हणून ठरवलं, पंचेचाळीस.

आधी गाडीचं इलेक्ट्रिकल काम करणाऱ्या भाऊंकडे गेले. ते म्हणाले, "कायले भानगडीत पडता ताई? रेडिमेड टायमर भेटते न दोन-तीनशात. लावून देतो." लावून घेतला असता तर हा लेख इथेच संपला असता. पण तो टायमर सतत बॅटरीवर चालू राहणार होता, गाडी उभी असतानासुद्धा. आमची गाडी कधीकधी दोन-दोन आठवडे जागची हलत नाही. मी नुसतं विचारलं, "बंद असताना किती करंट खातो?" भाऊ हसले. "ते काही माहीत नाही बा." हिशेबाच्या माणसाला हे उत्तर चालत नाही. मात्र जाताना त्यांच्याकडून एक जळका रिले फुकट मागून आणला. तो पुढे फार कामाला आला.

रिलेबद्दल दोन वाक्यं, कारण मला कोणी सांगितली नव्हती. बटणातून सगळा करंट नेला तर बटण जळेल. दोन दिवे मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला नऊ अँपियरच्या वर. म्हणून बटण फक्त रिलेच्या आतली छोटी कॉइल चालू करतं आणि ती कॉइल चुंबक होऊन जाड कॉन्टॅक्ट ओढते. रिलेच्या पायांवर छापलेले आकडे, ३०, ८५, ८६, ८७, हे जर्मन डीआयएन ७२५५२ या मानकातले आहेत. ३०वर थेट बॅटरी, ८७वर दिवे, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइलची दोन टोकं. एवढं कळलं की बोनटखालची अर्धी भीती जाते.

८ फेब्रुवारीला कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा पार्ट, आणायला सीताबर्डीच्या बाजारात गेले. रविवार होता. ज्या गल्लीत जायचं होतं तिथल्या पार्टच्या दुकानांची शटरं खाली आणि रस्त्यावर कपड्यांचा बाजार. मेट्रोचं जाण्यायेण्याचं भाडं आणि एक सुट्टी गेली, हाती दोन रुमाल. मग १४ तारखेला शनिवारी परत. काउंटरवर माझ्याआधी चार इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टसाठी उभी होती, वीसेक मिनिटं गेली. माझी पाळी आली तेव्हा दुकानदाराने विचारलं, "बोला ताई, काय देऊ?" मी कागदावरून वाचलं, "हजार मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर." "हजार एमएफडी. किती व्होल्ट?" मी गप्प. "कशाले पाहिजे?" गाडीसाठी म्हटल्यावर त्याने स्वतःच पंचवीस व्होल्टचे दिले. हे लक्षात ठेवा: दुकानात मायक्रोफॅरड म्हणत नाहीत, एमएफडी म्हणतात. आणि गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणवली तरी इंजिन चालू असताना १४च्या वर जाते, म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर घेऊ नका. दोन कपॅसिटर २४ रुपये, नवा रिले १२०, त्याचं वायरवालं सॉकेट ७०.

माझा बेत साधा होता. कॉइलच्या दोन टोकांना कपॅसिटर जोडायचा. चाबी काढली की कपॅसिटरमध्ये साठलेली वीज कॉइलला पुरेल. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुन्या यूपीएसची बॅटरी मांडली, रिले जोडला, मुलाला म्हटलं, तू सेकंद मोज. वायर काढली. टिक. त्याने तोंड उघडायच्या आत रिले सुटला होता.

दोन्ही कपॅसिटर जोडले. टिक-क. मुलगा म्हणाला, "आई, आता 'ए' म्हणून झालं."

संध्याकाळी शेजारच्या काकांना विचारलं. ते आयटीआयमध्ये इन्स्ट्रक्टर होते, आता रिटायर. त्यांनी मल्टिमीटर लावून कॉइल मोजली: ८४ ओहम. "पोरी, ही बाई दीडशे मिलिअँपियर पिते. तुझा हजारवाला तिले घोटभरही पुरत नाही." मग त्यांनी हिशेब मांडला. ओहम गुणिले फॅरड म्हणजे सेकंद. ८४ गुणिले एक हजारांश, म्हणजे ०.०८४ सेकंद. पंचेचाळीस सेकंद हवे तर असे कपॅसिटर शेकड्यांनी लागतील. अकाउंट्सवालीला एवढा एक गुणाकार आधी सुचू नये, याची लाज वाटली.

काकांनी व्हरांड्यातल्या माठाकडे बोट दाखवलं. "माठ भरून ठेव. खाली बारीक भोक पाड. पाणी एका रेघेच्या खाली गेलं की दिवा बंद. एवढंच करायचं आहे." कपॅसिटर म्हणजे माठ, भोक म्हणजे रेझिस्टर. फक्त पाण्याची पातळी पाहणारा कोणीतरी हवा, जो स्वतः पाणी पिणार नाही. "ट्रान्झिस्टर थोडं पितो. मॉसफेट नुसता डोकावून पाहतो." मॉसफेटच्या या डोकावणाऱ्या पायाला गेट म्हणतात. आमच्या घरात महिनाभर "गेट लागलं का?" या प्रश्नाला आधी "कोणतं?" असंच उत्तर यायचं.

५५५ नावाची प्रसिद्ध टायमर चिप आहे, १९७२ पासून बाजारात. काकांचा जीव तिच्यावर होता. पण ती साधारण १६ व्होल्टपर्यंतचीच आणि काही करत नसतानाही काही मिलिअँपियर घेत राहते. १० धरले तर पंधरा दिवसांत साडेतीन अँपियर-तास. आमची बॅटरी सगळी मिळून ३५ची. काकांनी हिशेब पाहिला आणि नाइलाजाने मान हलवली.

२१ फेब्रुवारीला तिसऱ्यांदा सीताबर्डी. या वेळी यादी नीट होती. आयआरएफझेड ४४ एन मॉसफेट दोन, साठ रुपये. एक हवा होता, पण काका म्हणाले, पहिला जळतोच. ३३ एमएफडीचे दोन कपॅसिटर. एक मेग, एक के आणि दहा के, म्हणजे दहा लाख, एक हजार आणि दहा हजार ओहम, असे तीन रेझिस्टर, पण सुटा एक कोणी देत नाही, दहा-दहाची पट्टी घ्यावी लागते. छोटे डायोड १एन४१४८, मोठे डायोड १एन४००७, १५ व्होल्टचे झेनर आणि एक झीरो पीसीबी, म्हणजे भोकंभोकं असलेली तपकिरी पाटी. सगळे मिळून १४९ रुपये.

जोडणी शब्दांत सांगते. फॉगच्या बटणाकडून येणारी वायर आधी डायोडमधून, मग एक के रेझिस्टरमधून मॉसफेटच्या गेटवर. डायोड अशासाठी की चाबी काढल्यावर कपॅसिटरमधली वीज उलटी बटणाकडे पळू नये. गेट आणि जमीन, म्हणजे गाडीचा निगेटिव्ह, यांच्यामध्ये तीन गोष्टी शेजारी शेजारी: कपॅसिटर, एक मेगचा रेझिस्टर आणि झेनर. गेटला वीस व्होल्टच्या वर सोसत नाही, झेनर त्याच्या राखणीला. मॉसफेटच्या उरलेल्या दोन पायांपैकी सोर्स जमिनीला, ड्रेन रिलेच्या ८५ला. रिलेच्या ८६ला आता बटणाऐवजी कायमची बॅटरी, एक अँपियरच्या फ्यूजमधून. आणि कॉइलच्या दोन टोकांवर एक मोठा डायोड, त्याची पांढरी रेघ ८६कडे. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, तो डायोड नसेल तर मॉसफेटच्या अंगावर जातो. गंमत म्हणजे दिवे विझल्यावर यातलं काहीच चालू नसतं. मल्टिमीटर लावून पाहिलं, शून्य.

२२ला ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाख न देता पार्ट खोचून पाहायच्या भोकांच्या पट्टीवर, मांडलं. वायर काढल्यावरही रिले सुटेना. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. मी हात लावला की टिक, काढला की काही नाही, परत लावला की टक. भुताटकीच. काकांनी चष्मा वर करून पाहिलं: कपॅसिटर आणि एक मेगचा रेझिस्टर दोन्ही एका भोकाने चुकून शेजारच्या ओळीत लावले होते. गेट अधांतरी होतं आणि माझ्या बोटाच्या स्पर्शानेही त्याची पातळी हलत होती. जागेवर लावले. मुलाने मोजायला सुरुवात केली. एकतीस, बत्तीस... चाळीसला टक्. मी उठून चहा टाकला.

टेबलावर चाळीस आणि गाडीत पंचेचाळीस कसे, तेही सांगते, कारण मला वाटलं होतं चूक झाली. एक मेग गुणिले ३३ एमएफडी म्हणजे ३३ सेकंद. पण दिवा विझतो तो माठ रिकामा झाल्यावर नाही, पातळी साडेतीन व्होल्टच्या आसपास आल्यावर, कारण त्याखाली हा मॉसफेट कॉइलला पुरेसा करंट देत नाही. बारा व्होल्टवरून साडेतीनवर यायला त्या ३३च्या सव्वापटीहून किंचित कमी वेळ लागतो. इंजिन चालू असताना माठ साडेतेरापर्यंत भरतो, म्हणून तिथे पाच सेकंद जास्त.

१ मार्चला डाख द्यायला बसले. पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न काकांची. पहिले चार सांधे मातीच्या गोळ्यांसारखे झाले. आपण सोल्डर तापवतो, तसं नाही. आधी पाय आणि तांबं तापवायचं, सोल्डर मग स्वतःच वाहत जाऊन बसतं. बसलं की चकाकतं, आणि गोळा मळकट दिसला तर परत करा.

यानंतर जे दिसलं ते कुठे वाचलं नव्हतं. दिवा विझताना रिलेतून 'टक्' ऐवजी 'किर्रक' असा आवाज यायचा. काकांनी नव्या रिलेचं काळं झाकण पेचकसाने अलगद काढलं. खोलीतला लाइट बंद करून आम्ही तिघं त्याच्यावर डोकी लावून बसलो. चाळिसाव्या सेकंदाला दोन चकत्यांच्या मधे निळी ठिणगी फडफडली. चांगली अर्धी टिचकी वाजेपर्यंत. कारण माठातली पातळी सावकाश उतरते, म्हणून चुंबकाची पकडही सावकाश ढिली होते आणि कॉन्टॅक्ट एकदम न सुटता रेंगाळत सुटतो. नऊ अँपियरवर असं रोज झालं तर कॉन्टॅक्ट काळे पडून एक दिवस चिकटतील.

काकांनी दोन दिवस विचार केला आणि बुधवारी कुंपणावरून हाक मारली. उपाय दोन पार्टचा निघाला. गेटपासून रिलेच्या ८७पर्यंत एक दहा केचा रेझिस्टर आणि एक छोटा डायोड, असा की गेटकडून ८७कडेच वीज जाऊ शकेल. दिवे चालू असतात तोवर ८७वर बारा व्होल्ट, डायोड बंद, जणू नाहीच. कॉन्टॅक्ट जरा सुटला की दिव्याच्या तारेमुळे ८७ शून्यावर येतं, डायोड उघडतो आणि माठातलं उरलेलं पाणी झटक्यात ओतून टाकतो. मॉसफेटला मग परत विचार करायला वावच नाही. झाकण काढून परत अंधारात पाहिलं. ठिणगी आली, पण एकच, डोळ्याची पापणी लवावी तशी. टक्.

गाडीत बसवायच्या आधी इन्शुरन्सच्या एजंटला फोन केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मूळ वायरिंग कापलेलं दिसलं की क्लेमच्या वेळी प्रश्न विचारले जातात, तेव्हा कापू नका. इथे तो जळका रिले आठवला. त्याचं झाकण आणि कॉइल काढून टाकली, फक्त खालचे पाय ठेवले आणि त्यांना वायरी डाखल्या. झाला प्लग. तो जुन्या सॉकेटमध्ये बसतो, त्याच्या वायरी माझ्या पाटीवर येतात आणि नवा रिले नव्या सॉकेटमध्ये. लागणारं सगळं, बॅटरी, बटण, जमीन, दिवे, त्या एकाच जुन्या सॉकेटमध्ये मिळतं. एकही वायर कापावी लागली नाही. मात्र कोणत्या भोकात काय येतं हे मल्टिमीटरने स्वतः तपासा. बाहेरून लावलेल्या वायरिंगमध्ये ८५ आणि ८६ अदलाबदल झालेले असू शकतात. आमचे होते.

१५ मार्च, रविवार. पाटीवर काळी टेप गुंडाळली, बोनटखाली बॅटरीजवळच्या पत्र्याला झिप-टायने बांधली. रात्री आईला मुद्दाम बाहेर फिरवून आणलं. चाबी काढली, दिवे तसेच. ती उतरली, पायरीवर पाय ठेवला, वळून पाहिलं. "विसरली का गं बंद करायचं?" म्हणेपर्यंत विझले. तिने कौतुक वगैरे केलं नाही. "बरं झालं" म्हणाली आणि आत जाऊन टीव्ही लावला.

महिनाभर सगळं उत्तम.

१८ एप्रिलला सकाळी ऑफिसला निघाले, चाबी फिरवली, आणि काहीच नाही. डॅशबोर्डचा दिवासुद्धा नाही. फॉग रात्री विझलेच नव्हते. जळत राहून, बॅटरी संपल्यावरच विझले होते. नऊ अँपियरने ३५ची बॅटरी चार तासांतच आटोपते. नाक भिंतीकडे, बेडरूम मागच्या बाजूला, कोणाला दिसणार?

बोनट उघडलं. काळी टेप उन्हाने घामेजली होती, गोंद बाहेर येऊन ती पाटीवरून सरकली होती आणि मॉसफेटची धातूची पाठ पत्र्याला टेकली होती. ही पाठ नुसती थंडाव्यासाठी आहे असं मी समजत होते. ती आतून ड्रेनला जोडलेली असते. पत्रा म्हणजे जमीन. पाठ पत्र्याला टेकली की रिले चालू, मग तुमचा टायमर काहीही म्हणो. आदल्या संध्याकाळी येताना मानेवाड्याजवळ एका खड्ड्यात गाडी आपटली होती, बहुधा तेव्हाच. एरवी मी दिवे विझेपर्यंत व्हरांड्यात थांबायचे, त्या दिवशी फोन आला म्हणून आत गेले.

बॅटरी दुकानात नेऊन चार्ज करून आणली, शंभर रुपये आणि अर्ध्या दिवसाची रजा. मग अबरखाचा तुकडा, प्लास्टिकची डबी, उष्णतेने आकसणारी स्लीव्ह, छोट्या फ्यूजचं होल्डर, असे आणखी १३० रुपये खर्च केले. मुळात हेच आधी करायचं होतं. नागपुरात बोनटखाली काळी टेप वापरूच नका. नेहमीची दुरुस्तीची माणसं वापरतात, आपण वापरू नये.

आता नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दिवे लवकर विझायला लागले. आई पायरीच्या अलीकडे असतानाच अंधार. मोजलं, २७ सेकंद. सकाळी मोजलं तर ४३. म्हणजे बिघाड नव्हता, ऊन होतं. दिवसभर तापलेल्या रस्त्यावरून आलं की बोनटखालच्या डबीला हात लाववत नाही.

काका म्हणाले, "माठ उन्हाळ्यात जास्त झिरपते, माहीत नाही का तुले?" पण झिरपतं कुठून, ते शोधायचं होतं. पाटी काढून टेबलावर आणली आणि हेअर ड्रायर घेतला. थंड असताना ४० सेकंद. सगळ्यावर गरम हवा मारली: २४. मग एकेका पार्टला पुठ्ठ्याच्या आडोशाने वेगळं तापवलं. यात माझा एक अख्खा रविवार गेला, कूलरसमोर बसून हेअर ड्रायर चालवत. नवऱ्याने येऊन पाहिलं आणि न बोलता निघून गेला. चोर सापडला तो बटणाकडून येणारा डायोड. गाडी म्हणजे दणकट पार्ट हवा, म्हणून तिथे मी मोठा १एन४००७ लावला होता. तो तापला की उलट्या दिशेने थोडी वीज गळू देतो. थोडी म्हणजे मायक्रोअँपियर, पण आमचं भोकही तेवढंच बारीक. एक मेगमधून जातात तेसुद्धा चार ते चौदा मायक्रोअँपियर. गळती आणि भोक बरोबरीचे झाले.

तिथे छोटा १एन४१४८ लावला. तापवून ३३ सेकंद. मग काकांच्या सांगण्यावरून भोक मोठं केलं आणि माठही: ३३० केचा रेझिस्टर, १०० एमएफडीचा कपॅसिटर. गुणाकार तोच, ३३. पण आता हक्काचा करंट तिप्पट, गळतीची टक्केवारी तेवढी घटली. कपॅसिटर या वेळी १०५ अंशांचा मागून घेतला. त्याच्या अंगावरच छापलेलं असतं. न मागता दिला जातो तो बहुधा ८५चा. सव्वीस रुपये. तापवून ३९. गाडीत त्या दिवशी संध्याकाळी ४३.

या सगळ्यात गाडीला जुलैमध्ये पंधरा वर्षं पूर्ण होत होती, म्हणजे आरसीचं नूतनीकरण. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो. नमुना २५, शुल्क ५,००० रुपये, वर पर्यावरण कर, सोबत मूळ आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आणि गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. ९ जूनला आरटीओत घेऊन गेले. अडीच तास रांगेत. मोटार वाहन निरीक्षकांनी चेसिस नंबर पाहिला, हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट, मग फॉगकडे बोट. लावले. "बंद करा." मी बटण बंद केलं. दिवे चालूच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दिव्यांकडे. पंचेचाळीस सेकंद किती लांब असतात ते त्या दिवशी कळलं. मी काय ते भराभर सांगितलं, त्यांनी बोनट उघडायला लावलं, डबीकडे आणि न कापलेल्या वायरींकडे पाहिलं आणि म्हणाले, "बंद करायची सोय ठेवा, मॅडम." गाडी पास झाली, पाच वर्षांसाठी.

तेव्हा तुम्ही करणार असाल तर कपॅसिटरच्या एका पायात एक छोटा स्विच आधीच टाका. तो बंद केला की फॉग पूर्वीसारखे लगेच विझतात. मी नंतर टाकला, डॅशबोर्डच्या खाली, त्यासाठी एक जास्तीची वायर ओढावी लागली.

एकूण खर्च ६१९ रुपये, तो शेवटचा स्विच, मेट्रो आणि रुमाल सोडून. सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर काकांचे. विकत घ्यावे लागले तर पाच-सहाशे आणखी धरा. वेळ मात्र फेब्रुवारी ते जून.

आता पाऊस लागला आहे. गाडीपासून पायरीपर्यंत चिखल, आई काठी आधी टेकवते, दाबून पाहते, मग पाऊल उचलते. परवा मोजलं, ५० सेकंद. ३३० केच्या जागी ३९० के लावला की हिशेबाने ५३ यायला हवेत. दहाची पट्टी आणून ठेवली आहे. रविवारी उघाड पडली तर डबी उघडेन, आणि ते उखडलेले गट्टूही बसवून घ्यायचे आहेत, ते काम गवंड्याने जानेवारीपासून उद्यावर ठेवलं आहे.